दादाचा ठोका

"आलाय तो. माझ्याच मधल्या खोलीत उतरलाय, आणि उशी कडक आहे म्हणून काल संध्याकाळपासून माझं डोकं खातोय."

"कोण तो, आत्या? तुझ्या खोल्यांत डोकं खायला रोज कोणी ना कोणी येतंच की."

"दुर्बीणवाला गं! केस पांढरे झालेत, पोट पुढं आलंय, पण गळ्यात दुर्बीण तशीच. मी दारातच ओळखला. त्यानं काही मला ओळखलं नाही. बायको आहे बरोबर."

ठोकेबाई रुळाच्या साखळीला तेल लावत होती. तिचं बोट कडीतच थांबलं.

"आणि तू दिलीस खोली?"

"न देऊन काय करू? भिंतींना भाड्यानं देऊ?"

"दिलीस ते बरं केलंस. उशीत तेवढे काटे भरायचे राहिले, ते आज भर."

"हे बघ पोरी, काही वेडंवाकडं करू नकोस. जंगल बघायला आलाय, बघेल आणि जाईल. किती वर्षं झाली त्या गोष्टीला."

"झाली ना. मी कुठं म्हणते नाही झाली?" असं म्हणून तिनं तेलाच्या बाटलीचं झाकण इतकं आवळलं की त्याचे आटेच गेले.

आत्या, म्हणजे तिच्या बापाची सख्खी बहीण, आणखी काहीतरी सांगायला आली होती. पण भाचीच्या जबड्याचं हाड वर आलेलं दिसलं तशी ती गुपचूप उतारानं खाली गेली. हे हाड कधी वर येतं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

ठोकेबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नाही. गावानं ते तिला हातोड्याबरोबर दिलं. गाव म्हणजे तरी काय, डोंगराच्या खांद्यावर चिकटलेली पन्नासेक घरं. रस्ता एकच, आणि तोही असा चढा की वरच्या घरात हातातून निसटलेला बटाटा खालच्या घरानं दारात उभं राहून झेलावा. शेती नावापुरती. सगळं गाव पोट भरतं ते वरच्या अभयारण्यावर. कोणी खोल्या भाड्यानं देतो, कोणी जीप चालवतो, कोणी काठ्या आणि लोकरीच्या टोप्या विकतो, आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही तो पाहुण्यांना गरुड कुठं दिसतील ते छातीठोक सांगतो, दिसोत न दिसोत.

अभयारण्याचं फाटक गावाच्या वर, डोंगराच्या वळणापलीकडं आहे. एक आडवा बांबू, एक पत्र्याची खोली, रंग उडालेला नकाशाचा फलक, आणि दोन खांबांच्या मध्ये साखळीनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. रेल्वे या गावानं कधी पाहिली नाही, पण रुळावर त्याचा जीव आहे. कारण इथलं धुकं. खालच्या मुलखात धुकं येतं, विरतं. इथं ते पडतं. वरून कोणी ओलं घोंगडं फेकावं तसं. तळ्यापर्यंत गेलेल्या माणसाला मग स्वतःचे बूट दिसत नाहीत, आणि तळ्याच्या दोन्ही अंगांना कडे आहेत. तेव्हा फाटकावरच्या माणसानं रुळावर ठोके द्यायचे आणि वरच्यांनी त्या आवाजाच्या रोखानं उतरायचं. फाटकासमोर चुन्यानं रंगवलेला एक मोठा दगड आहे. तो दिसेनासा झाला की हातोडा उचलायचा. आणि खाली उतरलेल्या प्रत्येकानं रुळाला तळवा लावायचा. वर गेलेल्या शेवटच्या माणसाचा तळवा लागत नाही तोवर ठोके थांबवायचे नाहीत. हे नियम अभयारण्याच्याही आधीचे, गुराख्यांच्या काळातले. खात्यानं ते तसेच ठेवले.

हे काम आधी दादाचं होतं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. अंगानं किरकोळ, पण मनगटात जोर, आणि ठोका तर असा की ऐकणाऱ्यानं म्हणावं, हा माणूस आपल्यालाच हाक मारतोय. दोन ठोके जोडून, तिसरा लांबवायचा, मग एक दम घ्यायचा. टण-टण, टाँऽऽण. आणि मग गप्प. त्या गप्प बसण्यातच सगळी गंमत होती, कारण तेवढ्यात वरचा माणूस मान वळवून रोख धरायचा. असा ठोका दुसरा कोणी देत नव्हता.

त्या दिवशी दुर्बीणवाला पहिल्यांदाच आला होता. बरोबर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघं हसत-खिदळत वर गेले. दुपारी धुकं पडलं. दादानं हातोडा उचलला तो खाली ठेवलाच नाही. ती तेव्हा लहान होती, त्याचा डबा घेऊन आली होती. दादा जेवला नाही. तिनं कानांत बोटं घालून पत्र्याच्या खोलीत बसून डब्यातलं निम्मं स्वतःच खाल्लं, आणि दादाचे तळवे फुटून हातोड्याच्या दांड्यावर रक्त आलेलं पाहिलं. अंधारायला लागलं तेव्हा दुर्बीणवाला एकटाच धुक्यातून बाहेर आला. चाचपडत नव्हता. दोरी धरून यावं तसा सरळ आला, आणि रुळाला हात न लावता खाली बसला. मेहुणा दुसऱ्या दिवशी कड्याखालच्या घळीत सापडला. पाय मोडलेला, आणि थंडीनं संपलेला.

मग चौकशी बसली. दुर्बीणवाला म्हणाला, "आम्ही तळ्यापाशी कान लावून थांबलो होतो. एक ठोका ऐकू आला नाही. तुमचा माणूस झोपला असणार. मी खाली पोचलो तेव्हाही हातोडा खालीच पडलेला होता." दादानं आपले तळवे दाखवले. साहेब म्हणाले, लाकडं फोडूनही फोड येतात. हिनं रडतरडत सांगितलं की मी इथंच होते, तो दुपारपासून वाजवत होता. साहेब हसले. म्हणाले, बहीण दुसरं काय सांगणार? गावाला विचारलं, तर वारा त्या दिवशी खालून वर होता, गावात आवाज आलाच नव्हता. लोक खरंच बोलले. आत्याही बोलली, "मला बाई काही ऐकू आलं नाही." खरं बोलली, पण तिला ते बोलायला कोणी बोलावलंही नव्हतं.

दादाचं काम गेलं. पण कामाचं काय, काम दुसरं मिळतं. नाव गेलं. गाव त्याला झोपाळू म्हणायला लागलं. पोरं तो दिसला की गालाखाली तळहात धरून घोरायची. जेवताना ताटावर चमचा आपटून टण-टण टाँऽऽण करायची आणि मग डोळे मिटून माना टाकायची, आणि त्यांच्या आयांनाही हसू यायचं. दोन महिने त्यानं ते सोसलं आणि मग खालच्या शहरात लाकडाच्या वखारीत करवतीवर लागला. करवतीपुढं दुसरं काही ऐकूच येत नाही, म्हणून ती जागा बरी, असं तो म्हणायचा. वर गावात परत आला तो फक्त आईला पोचवायला. ती मेली तीही झोपाळूची आई म्हणूनच.

रुळाचं काम गावात कोणी घेईना. हिनं घेतलं. खात्यानं बजावलं, तो जुना ठोका नको, लोक हसतात, शाळेच्या घंटेसारखं एकसारखं वाजव. ती एकसारखं वाजवायला शिकली. लग्न झालं, नवरा जीप चालवतो, गमत्या आहे, बायकोला "आमचं घड्याळ" म्हणतो. दोन पोरी झाल्या. सगळं झालं. पण दर धुक्याला हातोडा उचलताना ती पहिला ठोका रुळाला म्हणून देत नसे. एका पांढऱ्याफटक, गोल, चष्मेवाल्या तोंडावर देत असे. दुसऱ्या ठोक्यापासून कामाला लागायची.

आणि आता ते तोंड स्वतःच्या पायांनी चालत वर येत होतं.

आत्या उतरली आणि जरा वेळानं ती दोघं वळणावर दिसली. पुढं तो, मागं बायको, गुडघ्यांवर हात ठेवत. फाटकापाशी येऊन त्यानं बांबूवर टिचकी मारली.

"काय बाई, गरुड आहेत का वर?"

"गरुड असतातच. दिसणं न दिसणं बघणाऱ्यावर."

"वा! बोलता छान." त्यानं रुळाकडं पाहिलं आणि लगेच नजर नकाशाच्या फलकावर नेली. "तळ्यापर्यंतच जाणार आम्ही. हिचा हट्ट. मी म्हणत होतो, समुद्रावर जाऊ."

बायको दम घेत होती. तिनं रुळापाशी येऊन त्याला न शिवता त्याच्याकडं बघितलं, एखाद्या चावऱ्या कुत्र्याकडं बघावं तसं.

"माझा भाऊ वर गेला," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा लहान असाल. इथं एक माणूस होता, तो झोपून राहिला. वाजवलंच नाही त्यानं. माझ्या गुडघ्यांचं आता खरं नाही, म्हटलं एकदा जागा तरी बघून यावी." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "तो आहे का हो अजून? जिवंत?"

"आहे."

"सुखात आहे?"

ठोकेबाईच्या जिभेवर इतकं काही आलं की एकही शब्द बाहेर पडेना. "कामावर आहे," एवढंच ती म्हणाली. मग नेहमीची सूचना नेहमीच्या आवाजात दिली. तळ्यापुढं जायचं नाही, कड्याकडं जायचं नाही, धुकं पडलं तर आवाजाच्या रोखानं यायचं, खाली आलात की रुळाला तळवा लावायचा.

"माहीत आहे, माहीत आहे," दुर्बीणवाला म्हणाला. बांबू वर झाला. ती दोघं आत गेली. आडवार असल्यानं वर दुसरं कोणी नव्हतं.

ती पत्र्याच्या खोलीत बसली. दुपारी स्टोव्हवर चहा ठेवला. त्या बाईचा तिला राग आला नाही असं नाही. सुखात आहे का म्हणे! तुझा भाऊ एकदा मेला बाई, माझा रोज घोरून दाखवून दाखवून मारला. पण तो राग बाजूला बसून राहिला, पाहुण्यासारखा. घरमालक राग वेगळाच होता, आणि तो दुर्बीण घालून वर चालला होता.

चहा कपात ओतला, आणि समोर बघितलं तर चुन्याचा दगड निम्मा गेला होता. बघता बघता उरलेला निम्माही गेला.

तिनं हातोडा उचलला. रुळापाशी गेली. हात वर केला, आणि तसाच खाली घेतला.

कोण होतं बघायला? कोणी नाही. वारा कसा होता? आज वरून खाली. गावाला आवाज जाईल, पण आवाज नाही आला तर गाव काय म्हणेल? वर धुकं दाट नसेल, म्हणेल. आणि उद्या कोणी विचारलंच, तर ती सांगेल, मी वाजवत होते. दुपारपासून वाजवत होते. तळवे दाखवेल. बायको म्हणेल, वाजवलं नाही. नाहीतर काहीच म्हणणार नाही, म्हणायला उरलीच नाही तर.

ती परत खोलीत जाऊन बाकावर बसली. हातोडा मांडीवर आडवा ठेवला. चहावर साय धरत होती. बाहेर सगळं कापसानं कोंबल्यासारखं गप्प. ऐक, ती मनात म्हणाली. आता ऐक कसं ऐकू येत नाही ते. कान लाव. तळ्यापाशी थांब आणि लाव कान. तुला पाहिजे होतं ना, एकही ठोका नको, घे. हे कसं लागतं बघ. पायाखाली चाचपून बघ, हाका मार, घशाला कोरड पडू दे, बायकोचा हात घट्ट धर आणि तिला सांग, येईल हं आवाज, येईल. आणि येणार नाही. तिला आत कुठंतरी गरम वाटायला लागलं. थंडीत कोणी पोटाशी गरम वीट धरावी तसं. एवढं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोला.

चहा गार झाला. तिनं तो तसाच ओठाला लावला आणि खाली ठेवला.

आणि मग तिच्या मनात ते आलं. दया नव्हे. बायकोचा विचारही नव्हे, तो नंतर आला, आणि थोडी लाज घेऊनच आला. आधी आलं ते असं, की हा माणूस उद्या घळीत सापडला, तर चौकशी बसेल, आणि फाटकावर कोण होतं? झोपाळूची बहीण. तिनं वाजवलं? नाही. मग त्याचं तेव्हाचं बोलणं काय खोटं होतं? या घरातली माणसं वाजवतच नाहीत. ती झोपतात. म्हणजे इतकी वर्षं जे खोटं होतं ते आज मी, दादाच्या बहिणीनं, माझ्या हातानं खरं करून द्यायचं? त्याचा शब्द राखायला मी इथं बसलेय?

"तुझ्या आईला!" ती मोठ्यानं म्हणाली आणि उठली.

हातोडा रुळावर पडला. पण एकसारखा नाही. तिला शिकवला होता तो घंटेचा ठोका तिच्या हातात आलाच नाही. दोन जोडून, तिसरा लांब. टण-टण, टाँऽऽण. आणि एक दम. तिनं तो आयुष्यात कधी वाजवला नव्हता. पण कानांत बोटं घालून एक अख्खी दुपार ऐकलेला होता, आणि कानांत बोटं घातली की आवाज हाडांतून आत जातो. ऐक, रांडेच्या! हा बघ, जो तू ऐकलाच नाहीस तो. टण-टण, टाँऽऽण. घे. पुन्हा घे. तिचे दंड भरून आले, पदर सुटला, तो तिनं कमरेला खोचला आणि पुन्हा हातोडा धरला.

खाली गावात काय झालं ते आत्यानं मग सांगितलं. टोप्यांच्या दुकानदारानं हातातली टोपी खाली ठेवली. जीपच्या तळावर पत्ते पिसत बसलेले गडी गप्प झाले. आत्या चादरी पिळत होती, तिच्या हातातली चादर तशीच राहिली. ताटावर वाजवायचा चेष्टेचा ठोका आज डोंगरावरून खरोखरचा येत होता, आणि कोणालाही हसू येईना. "अरे, हा तर..." म्हणून ठोकेबाईच्या नवऱ्यानं जीप सुरू केली, आत्या पुढं बसली, आणखी चारपाच जण मागं चढले.

जीप वर पोचली तेव्हाही ठोकेबाई वाजवत होती.

"अगं, काय हे? हा ठोका कशाला काढलास? खात्यानं..." आत्यानं सुरुवात केली.

"खात्याला म्हणावं ये वर. वर माणसं आहेत माझी. बाजूला हो, हातोडा लागेल."

नवऱ्यानं बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि चेष्टा करायचं रद्द केलं. त्यानं जीपचे दिवे तेवढे वरच्या वाटेकडं वळवून लावले.

पहिल्यांदा काठीचा आवाज आला. मग खोकला. मग धुक्यातून दुर्बीणवाल्याची बायको बाहेर आली, नवऱ्याला दंडाला धरून ओढत. ती त्याला आणत होती, तो तिला नव्हे. गुडघे चिखलानं भरलेले, टोपी गेलेली. त्याचं तोंड असं झालं होतं की कोणी आतून पीठ लावलंय.

बाई थेट ठोकेबाईपाशी आली आणि तिचे दोन्ही दंड धरले.

"कुठं आहे तो?"

"कोण?"

"तोच. तुमचा जुना माणूस. तो परत आलाय का कामावर? मला त्याला बघायचंय."

"इथं मीच वाजवतेय. दुसरं कोणी नाही."

"नाही, नाही." बाईनं दंड सोडले नाहीत. "आम्ही रस्ता चुकलो. किती वेळ काही ऐकूच येईना. हे रडायला लागले. आणि मग आवाज आला, आणि हे एकदम उभे राहिले, म्हणाले, तोच आहे! तोच वाजवतोय, दोन जोडून आणि एक लांब, त्या दिवशीचाच माणूस आहे, मी ओळखला, चल, आता आपण सुटलो. असं म्हणाले. माझा हात सोडून पळायलाच लागले होते. मग तो कुठं..."

तिचं बोलणं तिथंच थांबलं. स्वतःच्याच तोंडून निघालेलं तिच्या कानांत परत शिरलं.

फाटकावर कोणी हललं नाही. जीपच्या उजेडात धुकं तेवढं फिरत होतं.

"पुन्हा सांगा बाई," ठोकेबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, सूचना देतानाचा. "वारा आहे, मागच्यांना ऐकू आलं नसेल. काय ओळखलं यांनी?"

बाईनं नवऱ्याकडं तोंड केलं.

"तुम्ही त्या दिवसानंतर इथं कधी आला होतात?"

"मी? नाही. कशाला येऊ?"

"त्याच्या आधी?"

"अगं, आता हे काय मध्येच..."

"मग ठोका ओळखलात कसा? तुम्ही तर म्हणाला होतात, एकही ऐकू आला नाही."

दुर्बीणवाला हसायला गेला. ओठ हलले, हसू काही निघेना. "घाबरलेला माणूस काहीही बोलतो. ह्या लोकांसमोर नको. खोलीवर चल, मी सांगतो."

"ह्या लोकांसमोरच." बाईचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझ्या आईला तुम्ही सांगितलंत, वाजलं नाही. तिनं मरेपर्यंत त्या माणसाला शिव्या दिल्या. मी दिल्या. आज सकाळी इथं उभं राहून दिल्या. वाजत होतं का?"

 तो दुर्बिणीचा पट्टा बोटांत गुंडाळत, जणू कोणी लहान गोष्ट विचारलीय अशा आवाजात म्हणाला, "वाजत होतं. म्हणूनच तर थांबलो. कड्यावर गरुडाचं घरटं होतं, पिल्लं होती. मला एक फोटो हवा होता. तुझ्या भावाला म्हटलं, तू पुढं हो, त्या फांदीला धरून जरा वाक. म्हटलं, तो वाजवतोच आहे, अजून खूप वेळ वाजवेल. तो काही थांबणाऱ्यातला नाही."

कोणीतरी मागं थुंकलं. टोप्यांचा दुकानदार असावा. लहानपणी सगळ्यांत मोठ्यानं घोरून दाखवायचा तोच. आत्यानं पदर तोंडाला लावला होता.

ठोकेबाईला वाटलं होतं, ही घडी आली तर आपण त्याला फाडून खाऊ. हातोडा हातात होता. पण आता तिला बोलायचंही काही राहिलं नव्हतं. तिनं त्याला नीट, डोळे भरून बघून घेतलं, जेवण झाल्यावर माणूस रिकामं ताट बघतो तसं. मग म्हणाली, "फोटो कसा आला?"

त्यानं मान हलवली. आला नव्हता.

"धुकं होतं ना," ती म्हणाली.

त्याची बायको रुळापाशी गेली. सकाळी जिला शिवली नव्हती त्या वस्तूवर तिनं दोन्ही तळवे ठेवले आणि ठेवूनच राहिली. रूळ अजून आतल्या आत गुणगुणत होता. न वळताच तिनं विचारलं, "नाव काय त्याचं? तुमच्या भावाचं?"

ठोकेबाईनं सांगितलं. गावात ते नाव कोणी घेतलं नव्हतं त्याला इतका काळ लोटला होता की मागच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, कोणाचं म्हणून.

"आणि सुरुवातीला ऐकू येत नव्हतं," बाई आता तिच्याकडं वळली. "बराच वेळ. ते का?"

आता मात्र ठोकेबाईची नजर हलली. पण पुन्हा बाईच्या डोळ्यांवर आली. "मी बसले होते," ती म्हणाली. "वाजवायचं नाही असं ठरवून बसले होते."

"राग माझ्यावरही?"

"दोघांवर."

बाईनं मान डोलावली. माफ केलं असं काही त्यात नव्हतं. हिशेब कळला, एवढंच. मग ती जीपकडं गेली आणि पुढं, चालकाच्या शेजारी बसली. आत्यानं तिच्या अंगावर घोंगडी टाकली. दुर्बीणवाला तिच्या मागोमाग आला तशी तिनं दार ओढून घेतलं. "मागं जागा नाही," ती म्हणाली. गावातले सगळे चढले तरी मागं भरपूर जागा होती. चालकानं, म्हणजे ठोकेबाईच्या नवऱ्यानं, आरशात बघून मान हलवली आणि म्हणाला, "खरंच नाही. साहेबांना उतार आहे, पाय आहेत. अंधार पडायच्या आत पोचतील."

जीप गेली. दुर्बीणवाला एकटा उभा राहिला. त्याला नियम आठवला असावा, किंवा हाताला काहीतरी करायला हवं होतं. तो रुळाकडं आला आणि त्यानं तळवा पुढं केला.

ठोकेबाईनं रुळावर असा एक ठोका घातला की त्याची बोटं चटका बसल्यासारखी मागं उडाली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तेव्हा लावला नाहीत, आता कशाला?"

त्यानं हात खिशात घातला. बांबूखालून वाकला, आणि वळणावरून खाली धुक्यात शिरला.

आत्या तेवढी मागं थांबली होती. ती पत्र्याच्या खोलीत बाकावर बसली आणि गार चहा तिनं स्टोव्हवर पुन्हा ठेवला. "दादाला फोन लाव पोरी. आत्ता लाव."

"त्याला फोनवर ऐकू येत नाही, आत्या. करवतीनं कान नेले त्याचे. उद्या जाऊन सांगीन. तोंडाशी तोंड नेऊन ओरडून सांगीन, सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं."

"मीही येते." आत्यानं कप पदरानं पुसला. "मी तेव्हा बोलायला नको होतं."

"नकोच होतं."

"एवढं फाडकन?"

"मग काय गुळात घोळून सांगू? चहा उतू जातोय, तो बघ."

ती रुळापाशी आली. धुकं तसंच होतं, दगडाचा पत्ता नव्हता. तिनं तळव्यांवर थुंकून ते एकमेकांवर चोळले आणि हातोडा उचलला. दोन जोडून, तिसरा लांब, मग दम.

"आता कोणासाठी वाजवतेस?" आत्या आतून ओरडली. "आले की सगळे खाली!"

"एकाचा तळवा लागलेला नाही," ती म्हणाली, आणि पुढचा ठोका दिला. वारा वरून खाली होता. गावापर्यंत, आत्याच्या मधल्या खोलीपर्यंत, त्या कडक उशीपर्यंत आवाज नीट जात होता.